मालगुजारी तलावातील मासळी व शेतकऱ्याचा तिच्याशी संबंध

धानाच्या मुलखातील शेतकरी तलावाकडे पाहतो तो पाळीच्या खालच्या अंगास उभा राहून. तुडूम, म्हणजे पाणी सोडण्याची मोरी, केव्हा उघडेल, पाट कोणाच्या बांधीवरून जाईल, रोवणीस पाणी पुरेल की नाही, एवढ्याच दृष्टीने तलाव त्यास ठाऊक असतो. पाळीच्या वरच्या अंगास, जेथे पाणी प्रत्यक्ष साठलेले असते तेथे, दरसाल आणखी एक पीक तयार होत असते. ते ढिवरांचे म्हणून आपण सोडून देतो. त्या पिकाचे बरेवाईट ढिवराच्या जाळ्यावर जितके अवलंबून आहे, त्याहून अधिक ते जमीनधारकाच्या हाती आहे, ही गोष्ट वाचकांच्या नजरेस आणावी या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे आणि नागपूर जिल्ह्याचा पूर्वेकडील भाग मिळून असे जुने तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. सरकारी कागदांत यांस ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात. लोकांनी आद्याक्षरे घेऊन ‘मामा तलाव’ असे सुटसुटीत नाव पाडले आहे व आता कचेरीतील टिपणांतही तेच रूढ झाले आहे. यांतील पुष्कळसे गोंड राजांच्या अमदानीतील आहेत. जो तलाव बांधील त्यास त्याच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन द्यावयाची, या पद्धतीस चांद्याकडे ‘तुकूम’ म्हणत. तलाव बांधण्याच्या कामी कोहळी समाजाची विशेष ख्याती आहे. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला अशी परंपरा सांगतात. सुमारे अकरा चौरस किलोमीटरांचे ते पाणी डोंगरांच्या कुशीत पाहिले म्हणजे हे मातीच्या पाळीने अडविलेले आहे, यावर नवख्याचा विश्वास बसत नाही. पण नवेगावबांध हा अपवाद होय. बहुतेक तलाव लहान व उथळ आहेत. पावसाळा संपतेवेळी पाळीजवळ पुरुष-दोन पुरुष पाणी असते, वरच्या अंगास ते कमरेइतके, मग गुडघ्याइतके, आणि शेवटी नुसती ओल. पाळ बांधण्याची सोय नसेल तेथे बोडी खणतात. ती तर तलावाचे धाकटे भावंडच.

आता हा तलाव कोणाचा, हे सांगणे सोपे नाही. प्रस्तुत लेखकाची नोकरी महसूल खात्यात कारकुनीत गेली. त्या अवधीत या प्रश्नावर लिहिली गेलेली टिपणे एकावर एक रचली तर त्यांचीच एक पाळ होईल. मालगुजारीच्या काळी तलाव मालगुजाराचा, ओलीत रयतेचे, आणि पाळीची डागडुजी सर्व गावाची, अशी वहिवाट होती. उन्हाळ्यात प्रत्येक घराने पाळीवर माती टाकावयाची, पाट साफ करावयाचे, असा रिवाज होता. मासळी धरावयाची ती ढिवरांनी, व तिचा काही हिस्सा मालगुजाराच्या घरी पोहोचवावयाचा. पुढे १९५० चा मालकी हक्क नष्ट करणारा कायदा झाला व ३१ मार्च १९५१ पासून मालगुजाऱ्या सरकारात विलीन झाल्या. काही खाजगी बोड्या वगळता तलाव सरकारचे झाले. त्यानंतर हा मुलूख १९५६ साली जुन्या मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात आला, आणि १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन होऊन लहान तलाव त्यांच्याकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे राहिले. मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेस मिळू लागला. याप्रमाणे पाळ एका खात्याची, बुडीत जमिनीची नोंद दुसऱ्याकडे, मासळी तिसऱ्याच्या देखरेखीखाली, आणि पाणी शेतकऱ्याचे, अशी विभागणी झाली. ज्या दिवशी माती टाकण्याची पाळी कोणाचीच राहिली नाही, त्या दिवसापासून तलाव उथळ होत गेले.

कागदाची ही हकीकत येथेच थांबवून पाण्यात उतरू.

उथळ तलावाचे शास्त्र खोल जलाशयाहून निराळे आहे. खोल पाण्यात उजेड तळापर्यंत जात नाही, म्हणून तेथे तळाशी काही उगवत नाही. उथळ तलावात सूर्यकिरण तळास पोहोचतो व तेथे वनस्पतींचे रान माजते. पाण्याखाली राहणाऱ्या, पाने तरंगत ठेवणाऱ्या व काठाशी उभ्या राहणाऱ्या अशा तिन्ही प्रकारच्या वनस्पती आपल्या तलावांत आढळतात. कमळ व पोयणी सर्वांस परिचित आहेत. काठाच्या दलदलीत देवधान नावाचा रानटी भात आपोआप उगवतो. पाण्याखालच्या हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया इत्यादि वनस्पतींकडे मात्र आपण ‘गवत’ म्हणून पाहतो. या गवताच्या मुळ्यांनी तळाचा चिखल बांधून धरलेला असतो, म्हणून पाणी नितळ राहते. पाणी नितळ राहते म्हणून उजेड खाली जातो, आणि उजेड खाली जातो म्हणून गवत वाढते. हे चक्र एकदा मोडले, म्हणजे गवत नाहीसे होऊन चिखल मोकळा झाला, की वाऱ्याच्या लाटांनी पाणी गढूळ होते, उजेड अडतो, आणि गवतास पुन्हा उगवणे दुरापास्त होते. त्याच्या जागी पाण्यात शेवाळाचे सूक्ष्म कण माजून पाणी हिरवट दिसू लागते. उथळ तलावाच्या या दोन अवस्था आहेत आणि एकीतून दुसरीत तो जातो तो हळूहळू नव्हे. पुष्कळ दिवस काही झालेसे दिसत नाही, आणि मग दोन-तीन पावसाळ्यांत सारे पालटते. जुने ढिवर ‘तलाव बसला’ असे म्हणतात ते यालाच असावे, असे वाटते.

या गवताशी मासळीचा संबंध काय? तर तेच तिचे घर, तेच तिचे कोठार आणि तेच तिचे बाळंतघर. गवताच्या पानांवर बारीक किडे व गोगलगाई राहतात, त्यांवर लहान मासे जगतात, आणि लहान माशांवर मोठे. पोटात अंडी असलेली मादी उथळ, उबदार, गवताळ जागा शोधते.

आपल्या तलावातील मरळच घ्या. मरळीची जोडी काठाजवळच्या गवतात थोडी जागा मोकळी करते. अंडी पाण्यावर तरंगतात व नर त्यांच्याखाली पहारा देत राहतो. पिले निघाल्यावर ती नारिंगी रंगाच्या झुंडीने पृष्ठभागाजवळ फिरतात आणि जोडी खालून त्यांस राखते. त्या दिवसांत पिलांच्या झुंडीखाली गळ टाकला तर मरळ हमखास लागते, कारण ती भुकेने नव्हे तर रागाने तुटून पडते. पण पहारेकरी गेला म्हणजे घटकाभरात इतर मासे ती झुंड फस्त करतात. एका मरळीच्या लोभाने शेकडो मरळी गेल्या, हा हिशेब कोणत्याही शेतकऱ्यास समजावून सांगावा लागत नाही. बियाण्याचे धान कोणी भरडून खात नाही.

मागूर व शिंगी यांची तऱ्हा आणखी वेगळी. मागूर उथळ चिखलात बिळासारखा खळगा करून त्यात अंडी घालते आणि नर त्यांची राखण करतो. मरळ, मागूर व शिंगी या तिघींस पाण्याबाहेरची हवा घेण्याची सोय निसर्गाने दिलेली आहे, म्हणून उन्हाळ्यात तलाव आटून डबके उरले तरी त्या ओल्या चिखलात दिवस काढू शकतात. लागोपाठ चार दिवस ढगाळ हवा राहिली की उथळ तलावात पहाटेच्या सुमारास प्राणवायू फार कमी होतो आणि मासे वर येऊन तोंडे उघडू लागतात. कारण असे की, वनस्पती दिवसा उजेडात प्राणवायू देतात, पण रात्री त्याच तो घेतात. अशा वेळी कटला-रोहू मरतात, मरळ-मागूर तग धरतात. आमच्या उथळ तलावांस साजेशी मासळी निसर्गाने आधीच निवडून दिलेली होती, असे यावरून म्हणावे लागते.

मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला, वरच्या ओढ्यांचे पाणी तलावात शिरू लागले, की पुष्कळ जातींची मासळी प्रवाहाच्या उलट दिशेने चढू लागते. हीच ती चढणीची मासळी. ती ओढ्यांत जाते, भरलेल्या बांध्यांत शिरते, धुऱ्यांवरून वाहणाऱ्या वीतभर पाण्यातून अंग तिरपे करून पुढे सरकते, आणि तेथे अंडी घालून परत फिरते. पिले बांधीतच काही दिवस वाढून पाण्याबरोबर तलावात उतरतात. म्हणजे आपल्या बांध्या ही या मासळीची रोपवाटिका होय. जसे धानाचे पऱ्हे एका कोपऱ्यात वाढवून मग सर्व शेतात रोवतात, तसेच हे. आणि नेमक्या याच पंधरवड्यात गावातील पोरेटोरे व थोरलेही काठ्या, टोपल्या व मच्छरदाणीच्या कापडाचे जाळे घेऊन ओढ्यावर धाव घेतात. पोटात अंडी असलेली मासळी धरण्यास सोपी असते हे खरे. तिच्या चवीचीही पुष्कळ वाखाणणी ऐकू येते.

आता बाहेरून आणलेल्या मासळीचा विचार करू. कटला, रोहू व मृगळ या तीन जाती मूळच्या मोठ्या नद्यांतील. त्यांची वाढ जलद, मांस चवदार. कटला पृष्ठभागाजवळ, रोहू मधल्या पाण्यात व मृगळ तळाशी चरते, म्हणून तिन्ही एकत्र सोडल्या तर एकमेकींच्या ताटावर बसत नाहीत. परंतु पुराचे वाहते पाणी मिळाल्याखेरीज त्या अंडी घालीत नाहीत, तलावाच्या स्थिर पाण्यात त्यांची वीण होत नाही. पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून गोळा करून आणावे लागे, आणि त्यात नको त्या जातींची भेसळ असे. १० जुलै १९५७ रोजी कटक येथील संशोधन केंद्रात डॉ. हीरालाल चौधरी यांनी माशाच्या मस्तकातील ग्रंथीचा अर्क टोचून या जातींची वीण हौदात घडवून आणली. त्यामुळे मत्स्यबीज हवे तेव्हा मिळू लागले व देशातील मत्स्योत्पादनास नवे वळण लागले. हा शोध मोठा उपकारक आहे, याविषयी दुमत नाही. ढिवरांच्या संस्थाही दरसाल बोटुकली विकत आणून तलावात सोडतात, आणि त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग तीवरच येतो.

तथापि यातून एक समजूत रूढ झाली, ती अशी की तलावात मासळी असते ती सोडल्याने. तलाव म्हणजे रिकामे शेत, बीज टाकावे आणि पीक काढावे. त्याबरोबर मरळ, शिवडा वगैरे शिकारी जाती म्हणजे पिकातील तण ठरल्या. बीजसंगोपनाच्या लहान हौदांतून त्या काढून टाकाव्यात हा सल्ला बरोबरच आहे. त्यासाठी मोहाची पेंड हेक्टरी मीटरभर खोल पाण्यास २५०० किलो या प्रमाणात घालण्याची रीत शास्त्रसंमत आहे. पण हौदाचा नियम शेकडो एकरांच्या तलावास लावणे म्हणजे परसातील वाफ्याचा हिशेब जंगलास लावणे होय. ठेक्याची रक्कम, बीजाची किंमत व वाहतूक हे सारे दरसाल रोख लागते. पाऊस लांबला, किंवा सांडव्यावरून पाणी जाऊन बोटुकली वाहून गेली, की संस्था कर्जात येते. स्थानिक मासळीस बीजाचा पैसा लागत नाही. बाजारात मरळ व मागूर यांस कटल्या-रोहूपेक्षा भावही चांगला येतो. शिवाय लहान स्थानिक मासे काट्यासकट खाल्ले जातात. त्यातून लेकराबाळांस चुना, म्हणजे हाडांचे पोषण, मिळते. ढिवराच्या घरी विकून उरते ते हेच. तीन किलोचा कटला त्याच्या चुलीवर क्वचितच चढतो.

परदेशी जातींविषयी थोडे. सायप्रिनस हा मासा आपल्या देशात प्रथम १९३९ साली निलगिरीत आणला गेला. त्याची बँकॉकची जात १९५७ साली आली. तो स्थिर पाण्यातही वितो, म्हणून सोयीचा वाटला. पण त्याची सवय तळाचा चिखल डुकराप्रमाणे उकरण्याची आहे. वर सांगितलेले गवत मुळापासून उपटले जाते व पाणी गढूळ होते. १९५९ साली आणलेला गवत्या मासा तर गवत खाण्यासाठीच प्रसिद्ध आहे. तणाने भरलेल्या शेततळ्यात तो कामाचा, गवतावर जगणाऱ्या जुन्या तलावात तो घातक. आफ्रिकी मागुराच्या पालनास केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली, तरी तो चोरून पाळला जातो. आपल्या शेततळ्यातून असा एखादा पुरात निसटला तर तो जाईल तो खालच्या तलावातच, हे शेततळी असलेल्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आता ज्या गोष्टी आपल्या हातच्या आहेत त्यांकडे वळू.

पहिली बेशरमीची. अमेरिकेतून आलेली ही वनस्पती गुरे खात नाहीत, शेळ्यांनी खाल्ली तर त्यांस विषबाधा होते, आणि तोडली तर तिचा प्रत्येक तुकडा रुजतो. कुंपणास बरी म्हणून आपणच ती धुऱ्यांवर लावली आणि तेथून ती तलावाच्या काठात उतरली. काठाचा उथळ पट्टा, जेथे देवधान, पोयणी व पाणगवत असावयाचे, तो तिने बळकाविला. पाण्यात तिचे दाट रान झाले म्हणजे खाली उजेड नाही, गवत नाही, आणि जाळे टाकण्यासही जागा नाही. ती काढावयाची तर उन्हाळ्यात पाणी मागे सरल्यावर मुळासकट. वरून कापून काही उपयोग होत नाही.

या कामी गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साह्याने ढिवरांनी केलेला उद्योग पाहण्यासारखा आहे. त्यांनी बेशरम उपटली, उघड्या पडलेल्या तळाची नांगरट केली, आणि जेथे पाणवनस्पती शिल्लक होत्या अशा तलावांतून रोपे आणून पावसाच्या तोंडास लावली. कोणत्या वनस्पतीच्या आश्रयास कोणता मासा राहतो याचे ज्ञान ढिवरांकडे पिढीजात होते, त्याचा येथे उपयोग झाला. या कामात त्यांच्या बायका पुढे होत्या. रोवणीची सवय असलेल्या हातांस तलावात रोपे लावणे ते काय अवघड! अशा तलावांत स्थानिक मासळी पुन्हा दिसू लागली. शेतकऱ्यास यातून काय मिळाले, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर असे की, ओलिताखेरीज इतर कशाने तलावाशी बांधले गेलेले पाचपन्नास लोक त्या तलावाचे राखणदार झाले.

दुसरी गोष्ट गाळाची. २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना निघाली व पुष्कळ तलावांतील गाळ शेतांत गेला. गाळ काढला पाहिजे हे निर्विवाद आहे. त्यावाचून पाणी नाही. परंतु यंत्राने गाळ काढताना सोय पाहिली जाते ती गाडी उभी करण्याची, म्हणून काठालगतचा भाग खोल उभ्या खड्ड्यांसारखा खणला जातो आणि मधला गाळ तसाच राहतो. काठाचा उतार गेला म्हणजे उथळ पट्टा गेला, आणि उथळ पट्टा गेला म्हणजे वीण गेली. गुरे पाण्यावर उतरतात त्यांसही धोका, तो वेगळाच. खणावयाचे ते पाळीच्या बाजूस व मध्यभागी. वरचा उतरता काठ राखावा. एखादा डोह मात्र मुद्दाम खोल करावा, की चैत्र-वैशाखात मासळीस तेथे आसरा राहील. बियाण्याचे मासे त्या डोहात उरले तरच मृगात चढण होईल.

येथेच तिसरी व सर्वांत तंट्याची गोष्ट येते, ती तुडूमाची. उन्हाळी धानाची गोडी लागल्यापासून तलावाचा शेवटचा थेंब काढून घेण्याकडे कल झाला आहे. एका गावी अशाच प्रकरणात चौकशीच्या कागदांसह जाण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकास आला होता. ढिवरांचे म्हणणे, शेतकऱ्यांनी तलाव कोरडा केला, आमची मासळी चिखलात मेली. शेतकऱ्यांचे म्हणणे, ढिवरांनी रात्री तुडूमात पोती कोंबली, आमचे धान वाळले. दोघेही खरे बोलत होते. उभयतांस समोर बसवून विचारता असे निघाले की, ज्या शेवटच्या पाण्यावरून भांडण झाले त्यातून भिजणाऱ्या बांध्या मोजक्याच होत्या आणि त्यांपैकी काहींस जवळ विहीर होती. किती हात पाणी राहिले म्हणजे तुडूम बंद करावयाचे हे आधी ठरलेले असते, तर पंचनाम्याचे कारणच पडते ना. तेथील वयोवृद्ध म्हाताऱ्याने सांगितले की पूर्वी पाळीच्या दगडावर खूण असे आणि तिच्याखाली पाणी नेणे हा गावचा अपराध गणला जाई. ती खूण अद्याप तेथे होती, फक्त ती कशाची हे नव्या लोकांस माहीत नव्हते.

चौथी, फवारणीची. तलावाच्या वरच्या अंगास ज्यांची शेते आहेत त्यांच्या बांध्यांचे पाणी अखेर तलावातच उतरते. कीडनाशकांपैकी सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गातील औषधे मासळीस अत्यंत विषारी आहेत. अत्यल्प प्रमाणातही ती पिलांचा नाश करतात. फवारणीनंतर बांधीचे तोंड काही दिवस बंद ठेवावे, पावसाचा रंग दिसत असता फवारू नये, आणि पंप व डबे तलावात धुऊ नयेत. शेवटची सूचना लिहिण्याची पाळी यावी हे आश्चर्य, पण सायंकाळी काठावर जाऊन पाहावे म्हणजे ती का लिहिली ते कळेल.

सांडव्याविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, जुने सांडवे दगडांच्या उताराचे असत. त्यांवरून मासळी खालच्या तलावातून वर चढे. नव्या काँक्रीटच्या उभ्या भिंतीवरून ती चढू शकत नाही. दुरुस्तीचे अंदाजपत्रक होतेवेळी भिंतीच्या एका अंगास दगडांचा उतार ठेवण्याची मागणी ग्रामसभेने करावी. खर्च थोडा येतो.

ढिवरांच्या बाजूनेही काही गोष्टी व्हावयास हव्यात, त्या त्यांच्या संस्थांतील जाणते लोक स्वतःच बोलून दाखवितात. चढणीच्या दिवसांत ओढ्याच्या तोंडाशी आडवे जाळे लावू नये. मच्छरदाणीच्या कापडाचे जाळे मुळीच वापरू नये. पिलांसह फिरणारी मरळ सोडून द्यावी. परंतु ठेका अल्प मुदतीचा असेल आणि पुढच्या खेपेस तो आपणांस मिळेल की नाही याची शाश्वती नसेल, तर आजची मरळ उद्यासाठी कोण सोडील? खंडाने शेत करणारा माणूस त्यात शेणखत घालीत नाही, हे आपण जाणतो. ज्या ग्रामपंचायती ठेक्याविषयी ठराव करतात त्यांत बहुमत शेतकऱ्यांचे असते. त्यांनी अधिक बोली लावणाऱ्या बाहेरच्या व्यापाऱ्याकडे न पाहता गावच्या संस्थेची मागणी लावून धरावी.

राहिली गोष्ट कागदाची, आणि तीवर लेखकास थोडे अधिकाराने बोलता येईल. जुन्या बंदोबस्ताच्या वेळी प्रत्येक गावाचे वाजिब-उल-अर्ज तयार झाले. त्यात गावची वहिवाट, कोणास कोठून पाणी, कोणास कोठे रस्ता, कोणास मासे धरण्याचा हक्क, हे गावकऱ्यांच्या तोंडून ऐकून लिहिलेले आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १६५ मध्येही ओलिताच्या व मासेमारीच्या वहिवाटी नोंदण्याची तरतूद आहे. मात्र ती सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या ताब्याबाहेरील जमीन व पाणी यांपुरती आहे, म्हणजे खाजगी बोड्यांस ती विशेष लागू पडते. निस्तार पत्रक कलम १६१ खाली निराळे असते. पुष्कळ गावांत हे कागद तहसिलीच्या अभिलेख कक्षात बासनात पडून आहेत आणि गावातील एकाही मनुष्याने ते वाचलेले नाहीत. जुनी प्रत बहुधा मोडीत किंवा जुन्या वळणाच्या देवनागरीत असते. वाचणारा माणूस सोबत न्यावा. नकलेच्या अर्जात गावाचे जुने नाव, त्या वेळचा परगणा व तहसील ही घालावीत, कारण १९८२ साली गडचिरोली व १९९९ साली गोंदिया हे जिल्हे वेगळे झाल्यामुळे काही गावांचे कागद जुन्या जिल्ह्याच्याच ठिकाणी सापडतात. नक्कल मिळाल्यावर ती ग्रामसभेत मोठ्याने वाचावी, त्या बैठकीस ढिवरांस मुद्दाम बोलवावे, आणि पाणी किती खाली गेले म्हणजे तुडूम बंद करावयाचे तो आकडा त्याच ठरावात लिहावा. हे काम माघ-फाल्गुनात, पाणी अद्याप तलावात असता, उरकून घ्यावे. वैशाखात बैठक घेतल्यास ती भांडणाचीच होते.